बाणाच्या पिसाऱ्याचा आकार : शिकार व लक्ष्यवेध यांतील निवडीचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

धनुर्विद्येचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने दोन गोष्टींकडे गेलेले दिसते. एक म्हणजे धनुष्य आणि दुसरी म्हणजे बाणाचे टोक. यामागे सबळ कारण आहे. लोखंडी, तांब्याचे किंवा गारगोटीचे टोक मातीत शेकडो वर्षे टिकून राहते, उत्खननात सापडते आणि संग्रहालयात मांडता येते. परंतु बाणाच्या मागील बाजूस बसविलेली पिसे कुजतात, त्यांना कसर लागते आणि ती नाहीशी होतात. परिणामी बाणाचा जो भाग त्याला दिशा देतो, त्याचा इतिहास मात्र अंधारात राहिला आहे.

आज धनुर्विद्येचा सराव करणाऱ्या कोणत्याही विद्यार्थ्यासमोर बाण निवडताना प्रश्न उभा राहतो की, पिसारा लांब घ्यावा की आखूड, उंच घ्यावा की बसका, गोलसर पाठीचा घ्यावा की कोनदार? हा प्रश्न दुकानदाराने किंवा कारखान्याने निर्माण केला आहे असा समज आढळतो. वास्तविक हा प्रश्न निदान पावणेपाचशे वर्षांपूर्वी लेखी स्वरूपात मांडला गेला असून त्याचे त्या वेळी दिलेले उत्तर आजही पुष्कळ अंशी ग्राह्य आहे. प्रस्तुत शोधनिबंधात या निवडीचा ऐतिहासिक मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) बाणाच्या पिसाऱ्याचे कार्य समजून घेणे.
२) पिसाऱ्याच्या आकाराविषयी उपलब्ध असलेल्या ऐतिहासिक पुराव्याचे स्वरूप तपासणे.
३) शिकारीचा बाण व लक्ष्यवेधाचा बाण यांच्या पिसाऱ्यांत फरक का पडला याची कारणमीमांसा करणे.
४) पिसारा बांधणाऱ्या कारागिराचे या इतिहासातील स्थान स्पष्ट करणे.

अभ्यासपद्धती व व्याप्ती :

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. या विषयावरील लेखी परंपरा इंग्लंड व अमेरिका येथे सलगपणे आढळत असल्याने अभ्यासाची व्याप्ती मुख्यतः त्या दोन देशांपुरती मर्यादित ठेवली आहे. भारतीय संदर्भ आवश्यक तेथेच घेतले आहेत.

पिसाऱ्याचे कार्य व संज्ञा :

संस्कृतात बाणाच्या मागील टोकास 'पुंख' म्हणतात. महाभारतात व रामायणात बाणांना 'कंकपत्र', 'गार्ध्रपत्र' अशी विशेषणे येतात. कंक म्हणजे बगळ्याच्या जातीचा पक्षी व गृध्र म्हणजे गिधाड. म्हणजेच बाणाची ओळख त्याच्या टोकावरून जशी होत होती, तशीच ती त्याला लावलेल्या पिसांवरूनही होत होती. प्रस्तुत निबंधात बाणाच्या दांडीवर बसविलेल्या पिसांच्या संचास 'पिसारा' म्हटले आहे. मैदानावरील खेळाडू नैसर्गिक पिसास 'फेदर' व प्लास्टिकच्या पात्यास 'व्हेन' म्हणतात.

पिसाऱ्याचे कार्य थोडक्यात असे सांगता येईल. बाणाचे वजन पुढे, टोकाकडे अधिक असते. तर हवेचा अडथळा मागे, पिसाऱ्यापाशी अधिक असतो. बाण किंचित तिरका झाला की हवा पिसाऱ्यास ढकलते आणि बाणाची शेपटी पुन्हा मार्गावर येते. पिसे दांडीवर थोडी तिरकस किंवा वळणदार बसविली तर बाण स्वतःभोवती फिरतो व त्याच्या बांधणीतील बारीकसारीक दोष सर्व दिशांना सारखे वाटले जातात. परंतु जो अडथळा बाणास स्थिर करतो, तोच त्याचा वेग कमी करतो आणि आडव्या वाऱ्यालाही तोच बळी पडतो. मोठा पिसारा बाणास लवकर सरळ करतो, पण त्याला मंद करतो. लहान पिसारा बाणास वेग राखू देतो, पण सोडणाऱ्याची चूक झाकत नाही. पिसाऱ्याच्या आकाराचा सगळा इतिहास हा या एका देवाणघेवाणीचा इतिहास आहे.

प्राचीन पुरावा :

पिसारा सहसा टिकत नाही हे खरे असले तरी बर्फाने काही अपवाद जपून ठेवले आहेत. १९९१ साली आल्प्स पर्वतात, ऑस्ट्रिया व इटली यांच्या सीमेवर सुमारे ५३०० वर्षांपूर्वीच्या एका पुरुषाचे शव सापडले. 'ओट्झी' या नावाने ते ओळखले जाते. त्याच्या भात्यात १४ बाण होते. त्यांपैकी केवळ २ पूर्ण झालेले होते. या दोन बाणांवर प्रत्येकी तीन अर्धी चिरलेली पिसे भूर्ज वृक्षाच्या डांबराने चिकटवून वर बारीक धाग्याने गुंडाळलेली होती.

या पुराव्यावरून दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली, तीन पिसांची रचना ताम्रपाषाण काळातच स्थिर झाली होती. दुसरी, उरलेल्या १२ दांड्या अपूर्ण होत्या. जंगलात सरळ फांदी मिळविणे सोपे. परंतु योग्य पिसे जमवून, चिरून, सारख्या अंतरावर बांधणे हे वेळखाऊ व कौशल्याचे काम आहे, हे आजही बाण बांधणारा कोणीही सांगेल.

मध्ययुगीन इंग्लंड : पिसाऱ्याचे कारागीर

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये लांब धनुष्याला राज्याच्या संरक्षणात मध्यवर्ती स्थान मिळाले. तिसऱ्या एडवर्डने १३६३ साली सणावारी धनुर्विद्येचा सराव करण्याचा आदेश काढला. बाणांची मागणी वाढली तसे श्रमविभाजन झाले. धनुष्य घडविणारे 'बोयर', टोके घडविणारे लोहार आणि दांडीला पिसे बसवून बाण सिद्ध करणारे 'फ्लेचर' असे स्वतंत्र व्यवसाय अस्तित्वात आले. १३७१ साली लंडनच्या फ्लेचर मंडळींनी आपला व्यवसाय बोयरांपासून वेगळा मानला जावा, अशी विनंती नगराच्या महापौरांकडे केली. इंग्रजी भाषेत आजही आढळणारे 'फ्लेचर' हे आडनाव या व्यवसायाचे अवशेष होय.

पिसे कोठून येत असत? मुख्यतः हंसक जातीच्या पाळीव पक्ष्याकडून, म्हणजेच 'गूज'कडून. अजिंकूरच्या लढाईनंतर दोन वर्षांनी, १४१७ साली पाचव्या हेन्रीने प्रत्येक गूजच्या पंखातील सहा पिसे बाणांसाठी काढून घ्यावीत, असा आदेश परगण्यांच्या अधिकाऱ्यांना दिला. अंडी उबविणाऱ्या पक्ष्यांना त्यातून वगळले होते. युद्धाचा खर्च शेतकऱ्याच्या अंगणातील पक्ष्यापर्यंत कसा पोहोचत होता, याचे हे बोलके उदाहरण आहे.

याच काळात पिसारा हा प्रतिष्ठेचाही विषय होता. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात चॉसरने आपल्या 'कँटरबरी टेल्स'मध्ये जो यीओमन म्हणजे वनरक्षक सेवक रंगविला आहे, त्याच्याजवळ मोरपिसांचे बाण आहेत आणि त्याच्या बाणांची पिसे खाली लोंबत नाहीत, असा आवर्जून उल्लेख आहे. चॉसरला पिसाऱ्याची देखभाल ही सेवकाच्या कर्तबगारीची खूण वाटली, हे येथे लक्षणीय आहे.

रॉजर ॲशमचा विचार :

पिसाऱ्याच्या आकाराची शास्त्रशुद्ध चर्चा १५४५ साली प्रसिद्ध झालेल्या 'टॉक्सोफिलस' या इंग्रजी ग्रंथात आढळते. त्याचा लेखक रॉजर ॲशम हा केंब्रिज येथील सेंट जॉन्स महाविद्यालयाचा अध्यापक असून पुढे तो राजकन्या एलिझाबेथचा शिक्षक झाला. हा ग्रंथ त्याने आठव्या हेन्रीला सादर केला आणि त्याबद्दल त्याला वार्षिक १० पौंडांचे वेतन मिळाले. विद्वानांची भाषा लॅटिन असताना त्याने हा ग्रंथ लोकभाषेत लिहिला, ही बाबही महत्त्वाची आहे.

ॲशमने पिसाऱ्याचा विचार अनेक अंगांनी केला आहे. पक्षी कोणता, तो तरुण की वयस्क, पीस उंच की बसके आणि कापण्याची तऱ्हा कोणती, अशी त्याची मांडणी आहे. मोरपिसांविषयी त्याचे मत स्पष्ट आहे. शोभेसाठी अनेकांनी ती स्वीकारली, पण ती खरबरीत व जड असल्याने बाण सरळ राखत नाहीत, म्हणून उपयोगाचा विचार करून त्यांनी ती सोडून दिली, असे तो सांगतो. चॉसरच्या यीओमनचे भूषण दीडशे वर्षांत गैरसोयीचे ठरले. वयस्क गूजचे पीस ताठ व मजबूत असल्याने ते वाऱ्यात उपयोगी, तर तरुण पक्ष्याचे पीस मऊ असल्याने ते वेगवान बाणास योग्य, असाही भेद त्याने केला आहे.

आकाराबाबत तो चार तऱ्हा सांगतो. पाठ फुगीर ठेवून कापलेले 'वराहपाठी' पीस, मध्ये खोलगट कापलेले 'खोगीरपाठी' पीस, गोल कापलेले आणि त्रिकोणी कापलेले. वराहपाठी पीस अधिक हवा धरते, त्यामुळे बाण मंदावतो; खोगीरपाठी पीस प्रतिकूल हवामानात अधिक भरवशाचे व सुरळीत उड्डाणास अनुकूल असते, असे त्याचे प्रतिपादन आहे. गोल व त्रिकोणी हे दोन्ही आकार मात्र त्याने चांगलेच मानले आहेत. त्रिकोणी आकार त्याच्या काळी विशेष प्रचारात होता.

येथे ॲशमची दृष्टी ध्यानात घेण्याजोगी आहे. तो कोणत्याही एका आकाराचा अभिमान बाळगत नाही. पीस किती हवा धरते आणि त्या बाणाकडून कोणते काम अपेक्षित आहे, या दोन प्रश्नांवर तो निर्णय सोपवितो. हवेच्या अडथळ्याचे गणित मांडले जाण्यापूर्वीच्या काळात हा निष्कर्ष त्याने निरीक्षणातून काढला. ते निरीक्षण त्याचे एकट्याचे नसणार. पिढ्यान्‌पिढ्या बाण बांधणाऱ्या आणि स्वतः काहीही लिहून न ठेवलेल्या फ्लेचर मंडळींचे ज्ञान त्याच्या ग्रंथात उतरले आहे, असे म्हणता येईल.

'मेरी रोझ' : नाहीशा झालेल्या पिसांचा पुरावा

योगायोगाने ज्या वर्षी 'टॉक्सोफिलस' प्रसिद्ध झाला, त्याच १५४५ साली आठव्या हेन्रीची 'मेरी रोझ' ही युद्धनौका इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगत बुडाली. तिचा सांगाडा १९८२ साली समुद्रातून वर काढण्यात आला. तिच्यावर १३७ लांब धनुष्ये व ३५०० हून अधिक बाण मिळाले. म्हणजे ॲशमने ज्यांचे वर्णन केले, त्याच पिढीचे बाण अभ्यासकांच्या हाती आले.

परंतु चार शतकांहून अधिक काळ पाण्यात राहिल्याने पिसे नष्ट झाली होती. उरला होता तो दांडीवरील चिकटद्रव्याचा थर आणि त्यावर उमटलेले धाग्याच्या वेढ्यांचे वळ. या द्रव्यात तांब्याचा अंश मिसळलेला असल्याने त्याला हिरवट छटा होती. या खुणांवरून पिसारा कोठून कोठपर्यंत होता, पिसे किती होती व धागा कसा फिरविला होता हे समजले. मात्र पिसाची उंची किती होती आणि पाठ फुगीर होती की खोलगट, हे चिकटद्रव्य सांगू शकत नाही. त्यासाठी ॲशमच्या ग्रंथाकडेच वळावे लागते. वस्तू व ग्रंथ यांनी एकमेकांची उणीव भरून काढण्याचे हे उत्तम उदाहरण आहे. ग्रंथ नसता तर आकार कळला नसता आणि बाण नसते तर ग्रंथातील कारागिरीचा पडताळा मिळाला नसता.

युद्धाकडून क्रीडेकडे :

बंदुकीच्या प्रसारामुळे युद्धातील धनुष्याचे महत्त्व संपुष्टात आले. १७८१ साली लंडन येथे 'टॉक्सोफिलाइट सोसायटी' स्थापन झाली. तिचे नावच ॲशमच्या ग्रंथाची आठवण देणारे आहे. १८४४ साली यॉर्क येथे राष्ट्रीय स्तरावरील मेळावा भरला आणि ठराविक अंतरावरून, ठराविक संख्येने बाण सोडून गुण मोजण्याची पद्धत रूढ झाली.

या बदलाचा पिसाऱ्यावर परिणाम होणे अपरिहार्य होते. युद्धात एकेका बाणापेक्षा बाणांच्या वर्षावाला महत्त्व होते. गुणांच्या स्पर्धेत मात्र पहिला बाण जेथे लागला तेथेच दुसरा लागावा, ही अपेक्षा निर्माण झाली. त्यामुळे सर्व बाणांचे पिसारे हुबेहूब सारखे असणे ही गरज बनली. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी ग्रंथांत त्रिकोणी व परवलयाकृती हे दोन आकार चर्चिलेले दिसतात. त्रिकोणी आकारात पिसाचे सर्वाधिक क्षेत्रफळ मागे, म्हणजे गुरुत्वमध्यापासून दूर असल्याने त्याची तरफ मोठी. पण त्याचा उंच कोपरा हाताळताना लवकर चुरगळतो. परवलयाकृती पिसाची कड दोन्ही बाजूंनी उतरती असल्याने ते अधिक टिकाऊ असते.

अमेरिकेतील शिकारीचा बाण :

शिकारीच्या बाणाचा आधुनिक इतिहास एका शोकांतिकेशी जोडलेला आहे. १९११ साली कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल गावाजवळ 'याही' या आदिवासी जमातीतील एक एकाकी पुरुष आढळला. गोऱ्या वसाहतकारांनी केलेल्या हत्याकांडांतून आणि त्यानंतरच्या उपासमारीतून उरलेला तो आपल्या लोकांपैकी शेवटचा मानला जातो. 'इशी' म्हणजे माणूस, एवढेच नाव त्याला दिले गेले. सॅन फ्रान्सिस्को येथील विद्यापीठाच्या संग्रहालयात तो राहू लागला. तेथे त्याचा परिचय सॅक्सटन पोप या शल्यविशारदाशी झाला. पोपने त्याच्याकडून धनुष्यबाण बनविण्याची व शिकारीची विद्या शिकून घेतली. १९१६ साली क्षयरोगाने इशीचे निधन झाले.

इशी आपल्या बाणांना तीन पिसे लावीत असे. गरुडाचे पीस त्याला पसंत असे. तथापि ससाणा, घुबड, रानगूज, बगळा इत्यादींची पिसेही तो वापरी आणि ती हरणाच्या स्नायुतंतूंनी बांधी. पोपने ही माहिती १९१८ सालच्या 'याही आर्चरी' या प्रबंधात नोंदविली व १९२३ साली 'हंटिंग विथ द बो अँड ॲरो' हा ग्रंथ लिहिला. या ग्रंथाने अमेरिकेत धनुष्याने शिकार करण्याची आवड पसरली. १९३४ साली विस्कॉन्सिन राज्याने केवळ धनुष्यबाणासाठी हरणांच्या शिकारीचा स्वतंत्र हंगाम ठरवून दिला. नेमबाजीच्या स्पर्धेत बाण चुकला तर गुण जातात. शिकारीत बाण वाकडा गेला तर प्राणी जखमी होऊन तडफडत राहतो. म्हणून शिकाऱ्याच्या पिसाऱ्याला नैतिक बाजूही आहे.

शिकारीच्या बाणाचे टोक रुंद पात्याचे असते. हे पाते बाणाच्या पुढील बाजूस पंखासारखे काम करते व बाणास भरकटविते. त्याला आवर घालण्यासाठी मागे अधिक क्षेत्रफळाचा पिसारा लागतो. त्यामुळे शिकारीच्या बाणावर ४ ते ५ इंच लांबीची, वळणदार बसविलेली पिसे रूढ झाली. अंतर कमी असल्याने वेगातील घट तेथे सोसते. आवाज हा दुसरा विचार होय. सेकंदाला ६० मीटर वेगाने जाणारा बाण २० मीटर अंतर सुमारे ०.३३ सेकंदात कापतो. ध्वनी तेच अंतर सुमारे ०.०६ सेकंदात कापतो. म्हणजे बाणापूर्वी आवाज हरणाच्या कानी पडतो. ढालीच्या आकाराचे, मागील कड खोलगट कापलेले पीस परवलयाकृती पिसापेक्षा अधिक आवाज करते असा शिकाऱ्यांचा अनुभव असून त्यामुळे गोलसर पाठीच्या पिसास त्यांची पसंती लाभली. उडत्या पक्ष्यांसाठी मात्र उंच, जवळजवळ न कापलेल्या पिसांचा 'फ्लू-फ्लू' बाण वापरला जातो. तो थोड्याच अंतरावर मंदावतो व त्यामुळे हरवत नाही. एरवी दोष मानला जाणारा अडथळा येथे गुण ठरतो.

प्लास्टिक व लक्ष्यवेध :

१९३० च्या दशकात क्लॅरेन्स हिकमन या भौतिकशास्त्रज्ञाने अतिवेगवान छायाचित्रणाच्या साहाय्याने धनुष्यबाणाच्या गतीचा अभ्यास केला. हिकमन, नागलर व क्लॉपस्टेग यांचे लेखन १९४७ साली एकत्रित ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. धनुष्यातून सुटताना बाण वाकतो व धनुष्याच्या कडेने वळून जातो, हे छायाचित्रांनी दाखविले. अशा वेळी नैसर्गिक पीस धनुष्यास घासले तरी दबते व पुन्हा उभे राहते. हा त्याचा मोठा गुण होय. ते पावसात भिजून चिकटते, हा त्याचा दोष.

दुसऱ्या महायुद्धानंतर प्लास्टिकची पाती आली. ती भिजत नाहीत व एकसारखी बनतात. परंतु ती दबत नसल्याने बाण धनुष्यास न घासता सुटावा, अशी आधाराची व्यवस्था करावी लागते. १९७२ साली म्युनिक येथे धनुर्विद्या ऑलिंपिकमध्ये परतली. आज ऑलिंपिक प्रकारात लक्ष्य ७० मीटरवर असून १० गुणांच्या वर्तुळाचा व्यास १२.२ सेंटिमीटर असतो. एवढ्या अंतरावर आडव्या वाऱ्याचा परिणाम मोठा असल्याने बारीक दांडी व लहान, बसका पिसारा निवडला जातो. याउलट बंदिस्त सभागृहात १८ मीटरवरील स्पर्धेत वारा नसतो. तेथे नियमाने परवानगी असलेल्या ९.३ मिलिमीटर व्यासापर्यंतच्या जाड दांड्या व मोठी नैसर्गिक पिसे वापरणारे खेळाडू आढळतात. एकच खेळाडू दोन मैदानांसाठी दोन पिसारे बाळगतो, तेव्हा तो नकळत ॲशमचाच नियम पाळीत असतो.

महाराष्ट्राच्या दृष्टीने हा विषय परका राहिलेला नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिन येथील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत कंपाउंड प्रकारात साताऱ्याची अदिती स्वामी व नागपूरचा ओजस देवतळे यांनी वैयक्तिक विजेतेपदे मिळविली. कंपाउंड प्रकारात ५० मीटरवरील १० गुणांचे वर्तुळ अवघे ८ सेंटिमीटर व्यासाचे असते. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार शिकारीस बंदी असल्याने शिकारीचा पिसारा आपल्याकडे अभ्यासाचा विषय आहे, वापराचा नव्हे. तथापि लक्ष्यवेधाचा पिसारा समजण्यासाठी शिकारीच्या पिसाऱ्याशी त्याची तुलना उपयुक्त ठरते.

निष्कर्ष :

१) पिसाऱ्याच्या आकाराची निवड ही स्थैर्य व वेग यांच्यातील देवाणघेवाण असून तिचे सूत्र १५४५ पासून बदललेले नाही.
२) आकाराच्या नावापेक्षा पिसाऱ्याची लांबी, उंची व बसविण्याचा कोन या बाबी अधिक निर्णायक आहेत. परवलय की ढाल हा प्रश्न पुष्कळ अंशी सवयीचा, आवाजाचा व परंपरेचा आहे.
३) शिकारीत रुंद टोक व कमी अंतर यांमुळे मोठा पिसारा, तर मैदानी लक्ष्यवेधात लांब अंतर व वारा यांमुळे लहान पिसारा प्रचलित झाला.
४) पिसारा नाशवंत असल्याने केवळ उत्खननाच्या आधारे धनुर्विद्येचा इतिहास लिहिल्यास तो एकांगी होतो. वस्तू, ग्रंथ व हयात कारागिराचे ज्ञान या तिन्हींचा मेळ घालणे आवश्यक आहे.

शेवटच्या मुद्द्याकडे विशेष लक्ष वेधणे उचित होईल. इशीजवळ पोप बसला नसता तर एका संपूर्ण जमातीची बाण बांधण्याची विद्या त्याच्याबरोबर नाहीशी झाली असती. आपल्याकडील आदिवासी भागांत वडीलधाऱ्या माणसांच्या घरी धनुष्यबाण अजून भिंतीवर टांगलेले दिसतात. त्यांच्या टोकांची नोंद संग्रहालये पुढेही करू शकतील. पिसे कोणत्या पक्ष्याची, कशी चिरलेली व कशाने बांधलेली आहेत, हे मात्र ती बांधणारे हात आहेत तोवरच विचारता येईल. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी हे काम आपल्या गावापासून सुरू करावे, अशी अपेक्षा आहे.